धारवाडचा रकाना

‘आधी खर्च बघावा लागेल,’ एवढंच कुंडलिकराव फोनवर म्हणाले. पुढं जे काही घडलं ते या चार शब्दांमुळं घडलं, आणि ते शब्दही त्यांनी विचार करून उच्चारले नव्हते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात असे शब्द आयते तयार असतात.

फोन लेकीचा होता. राजलक्ष्मी धारवाडला नोकरी करते. तिच्या घरासमोरच्या घराचा खालचा मजला रिकामा झाला होता. मालक भला माणूस. पाडव्याला राहायला या म्हणत होता, फक्त हो की नाही ते दोन आठवड्यांत, रविवारी सकाळी दहाच्या आत कळवा म्हणत होता. पाच वर्षांची छकुली दुपारी साडेबाराला शाळेतून सुटते आणि संध्याकाळपर्यंत पाळणाघरात बसून राहते. “काल तिनं विचारलं, आजी फोनमध्येच राहते का,” राजलक्ष्मी म्हणाली. हे ऐकल्यावर साखरबाईंनी तिथल्या तिथं माळ्यावरच्या पेटीकडं बघायला सुरुवात केली, आणि कुंडलिकरावांनी खर्चाकडं.

“बघा खर्च,” साखरबाई म्हणाल्या. “पेन्शनीत बसला तर जायाचं. मग मागं सरायचं न्हाय.”

“नाही सरणार,” कुंडलिकराव म्हणाले. हिशेब नीट केला तर तो पेन्शनीत बसणार नाही, अशी त्यांना मनातून आशा होती. ही आशा त्यांनी स्वतःपासूनही जरा लपवूनच ठेवली होती.

बारामतीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ते ग्रंथपाल होते. त्यांच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी कधी लावावी लागली नाही. त्यांच्याकडं पाहून मुलं आपोआप गप्प व्हायची. हा आपला दरारा आहे असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. निवृत्तीच्या भाषणात एका विद्यार्थ्यानं सांगितलं, की सर दचकतात म्हणून आम्ही बोलत नसू. तर अशा माणसानं अडुसष्टाव्या वर्षी परमुलखात जायचं, जिथं दुकानाच्या पाट्यासुद्धा वाचता येणार नाहीत. वाचता न येणं ही कल्पनाच त्यांना सोसवेना. आणि गंमत अशी, की हा माणूस धनगराच्या पोटचा. त्यांचे वडील दर दिवाळीनंतर शंभर मेंढरं, एक घोडं आणि घोड्यावर अख्खा संसार लादून कोकणात उतरायचे. त्यांनी कधी दोन्हीकडच्या तूरडाळीची तुलना केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

कुंडलिकरावांनी दोनशे पानी वही आणली. पट्टीनं दोन रकाने आखले: बारामती आणि धारवाड. धारवाडचा रकाना राजलक्ष्मीनं फोनवर अर्ध्या तासात भरून दिला. घरभाडं, दूध, डाळी, तेल, रिक्षा, पेपर, अगदी इस्त्रीचा भावसुद्धा. बारामतीचा रकाना मात्र, जिथं त्यांची अख्खी हयात गेली तिथला, कोरा राहिला. पुस्तकं सोडून त्यांनी बारामतीत स्वतः काही विकत घेतलंच नव्हतं. साखरबाईंना विचारावं, तर त्या म्हणाल्या, “माज्या डोक्यात हाय सगळं. पर ते वहीत मावायचं न्हाय.”

म्हणून ते वही घेऊन कोपऱ्यावरच्या अमजदच्या किराणा दुकानात गेले.

“या तात्या. काय देऊ?”

“तूरडाळीचा भाव काय?”

अमजदनं सांगितला. कुंडलिकरावांनी लिहिला. मग हरभराडाळ, मग मूग, शेंगदाणे, पोहे, साबण, काड्यापेटी. एकेचाळीस जिनसांचे भाव त्यांनी लिहून घेतले. मागं गिऱ्हाईकं खोळंबली, तसा त्यांच्या मानेला घाम फुटला. एवढा वेळ घेऊन काहीच न घेणं बरं दिसत नाही म्हणून शेवटी ते म्हणाले, “काड्यापेटी द्या.”

“एकच?”

“एकच.”

अमजदनं पैसे घेतले नाहीत. “राहू द्या तात्या,” तो फार हळू आवाजात म्हणाला. तो आवाज इतका मऊ का झाला हे कुंडलिकरावांना तेव्हा कळलं नाही. त्यांना वाटलं, रमजानचा महिना आहे, रोजा असेल.

मंडईतही तेच. भाजीवाल्या सिंधुबाईंपुढं चार दिवस ते रोज वही घेऊन उभे राहत. एकाच दिवसाचा भाव लिहिणं शास्त्रीय नव्हे, सरासरी काढली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी वही उघडण्याआधीच सिंधुबाईंनी मेथीची एक जुडी आणि चार वांगी त्यांच्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “आवो, सारखं इचारत जाऊ नगासा. न्या गुमान. परवडंल तवा द्या.”

आता प्रश्न उभा राहिला: मेथीपुढं काय लिहायचं?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. कारण तोपर्यंत बारामतीच्या रकान्यात विचित्र गोष्टी दिसू लागल्या होत्या. साखर विकत येतच नव्हती. साखरबाईंचा भाऊ झुंबर इंदापूरजवळच्या वाडीवर शेती करतो. तो साखर कारखान्याचा सभासद, त्याला सवलतीची साखर मिळते आणि त्यातली अर्धी दर दिवाळीला बहिणीकडं येते. ज्वारी त्याच्याच रानातली. कडीपत्ता, लिंबं आणि शेवग्याच्या शेंगा शेजारच्या जरिनाच्या परसातून, म्हणजे अमजदच्याच घरातून. लोणच्याच्या कैऱ्या कुणाच्या झाडाच्या, हे खुद्द साखरबाईंनाही एका झटक्यात सांगता येईना. या सगळ्यापुढं शून्य लिहावं, तर बारामती इतकी स्वस्त निघत होती की धारवाडवर उघड अन्याय होत होता. वास्तविक तो अन्याय कुंडलिकरावांच्या सोयीचाच होता. पण ग्रंथपालाला खोटी नोंद करवत नाही. तो त्याच्या धंद्याचा रोग आहे. खरा भाव शोधलाच पाहिजे, असं ठरवून ते एसटीत बसले आणि इंदापूरला गेले.

झुंबर रानात होता. शाळूची काढणी नुकतीच झाली होती. मेहुण्याला असं अवचित आलेलं बघून तो लगबगीनं पुढं आला.

“दाजी, एकलंच? आक्का बरी हाय न्हवं?”

“बरी आहे. मला फक्त विचारायचं होतं, तू आम्हाला ज्वारी देतोस, तिचा क्विंटलला काय भाव धरायचा?”

झुंबरनं डोक्याचा टॉवेल काढून झटकला आणि पुन्हा बांधला.

“दाजी, माजं काय चुकलं का?”

“नाही, नाही. वहीत लिहायचं आहे फक्त.”

“वहीत.” झुंबरनं मान हलवली. “मग भावबीजंचं ताट पन लिवा. आक्कानं मला ल्हानपनी खांद्यावर घिऊन नदी वलांडली, त्येचं काय व्हतंय ते बी लिवा. सगळी बेरीज करा आन मला कळवा, म्या दावन इकून देतो.”

कुंडलिकराव इतके ओशाळले, की जाताना झुंबरनं नव्या ज्वारीचं अख्खं पोतं त्यांच्याबरोबर एसटीत चढवलं, तेव्हा त्यांना नाहीसुद्धा म्हणता आलं नाही. कंडक्टरनं त्यांना ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट दिलं. पोत्याला मात्र ज्येष्ठ नागरिकाची सवलत नव्हती. घरी आल्याबरोबर त्यांनी ज्वारीपुढं पोत्याच्या लगेजचे पैसे लिहिले. बारामतीच्या रकान्यातला पावतीसकटचा तो पहिला आकडा, म्हणून त्याच्याखाली त्यांनी रेघ ओढली. गल्लीनं बघितलं ते एवढंच, की तात्या मेहुण्याकडं गेले आणि धान्य मागून आणलं.

इथवर गाडी रुळावर होती. ती घसरली गॅस एजन्सीत.

धारवाडला सिलिंडर कितीला पडतो हे राजलक्ष्मीनं सांगितलं होतंच, पण दोन ठिकाणांहून खातरजमा करायची त्यांची जुनी सवय. एजन्सीत रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा मागं सहा माणसं उभी होती, आणि आपल्यामुळं कुणी खोळंबलं की कुंडलिकरावांची बुद्धी काम करायची थांबते.

“काय काम?” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“धारवाडला जायचं झालं, तर तिकडं सिलिंडर...”

“ट्रान्स्फर का? पुस्तक आणलंय? आधार?”

त्यांनी आणलं होतं. ते कुठंही जाताना सगळी कागदपत्रं आणतात. “पण मला फक्त...”

“हितं सही. आन हितं.”

मागून कुणीतरी खाकरलं. चौतीस वर्षं मुलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असं बजावत आलेल्या कुंडलिकरावांनी दोन्हीकडं सही केली. बाई मनानं चांगल्या होत्या. पांढऱ्या केसांकडं बघून म्हणाल्या, “तुमी कुठं टाकी उचलत आणणार, तात्या. उद्या आमची गाडी तुमच्याच गल्लीत हाय, पोरं घिऊन येतील. अनामत तेवढी आजच न्या.” आणि त्यांनी पैसे मोजून हातावर ठेवले. पैसे परत देऊन ‘मी नुसता भाव विचारायला आलो होतो’ असं म्हणायला लागणारं धैर्य कुंडलिकराव दारापर्यंत गोळा करत गेले, आणि दार आलं.

घरी सांगायचं धैर्यही रात्रीत गोळा झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टेम्पो आला. साखरबाईंची आमटी नुकती कढ धरत होती. टेम्पोतल्या दोघा पोरांनी शेगडी बंद केली, रेग्युलेटर काढला, भरलेली टाकी आणि रिकामी टाकी दोन्ही उचलल्या आणि भर गल्लीतून, सगळ्यांच्या दारावरून नेल्या.

साखरबाई अर्धवट शिजलेल्या आमटीकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याकडं.

“भाव इचारायला गेलता न्हवं?”

“विचारला,” कुंडलिकराव म्हणाले. “त्यांनी सांगितला नाही.”

ते तडक एजन्सीत गेले. संगणकात नोंद झाली होती. आता एक कागद मिळाला होता, तो धारवाडला दाखवला की तिथं नवी टाकी मिळेल. इथंच परत हवी असेल तर नवा अर्ज, नवी पडताळणी, आठ-दहा दिवस. घरात राजलक्ष्मीनं दिलेली विजेची शेगडी होती, पण तिच्यावर भाकरी येत नाही म्हणून ती खोक्यातच होती. तिच्यावर चहा होऊ लागला.

आणि दुपारी पहिला डबा आला.

जरिना स्वतः घेऊन आली. डब्यात मटकीची उसळ, चपात्या आणि वेगळ्या वाटीत लिंबाचं लोणचं. “आक्का, जास्तीचं झालं हुतं,” ती म्हणाली. रमजानच्या महिन्यात, भरदुपारी, जिच्या घरात दिवसा एकही माणूस जेवत नाही आणि जिनं स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, तिच्याकडं जास्तीचं जेवण कसं होतं, हा विचार कुंडलिकरावांच्या मनात दुसऱ्या चपातीला आला.

संध्याकाळी समोरच्यांकडून पिठलं-भाकरी आली. दुसऱ्या दिवशी तीन डबे आले. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी वार लावून घेतले. कुंडलिकराव प्रत्येक डब्याची प्रामाणिकपणे नोंद करत होते आणि बारामतीचा खर्च रोज खाली खाली येत होता. गुरुवारी तो एका पेपरावर आणि विजेवर आला. शुक्रवारी पेपरवाला म्हणाला, “तात्या, बिलाचं बघू सावकाश.”

रविवार उजाडला. दहाच्या आत फोन करायचा होता. साखरबाई पहाटेच आंघोळ करून, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आठवडाभर त्या गॅसवरून एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि कुंडलिकरावांना तेच जास्त जड जात होतं.

नऊ वाजता अमजद आला. धुतलेला कुडता, डोक्यावर टोपी, चेहरा मयतीला आल्यासारखा. मागं जरिना, तिच्यामागं गल्लीतली आणखी चार माणसं. तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली आणि झुंबर साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला. जरिनानं त्याला फोन केला होता.

अमजद खुर्चीच्या कडेला बसला. “तात्या, लाज धरू नका. आजकाल शिकल्याली मानसंच जास्त फसत्यात.”

“कशात?”

“मोबाईलवर फोन येतो, नंबर इचारत्यात, आपून सांगतो. बँकेतलं सगळं जातं. माजा भाचा सायबर पोलिसात हाय. तुमी निस्तं सांगा, किती गेलं.”

कुंडलिकरावांना समजायला थोडा वेळ लागला. मग गेल्या दोन आठवड्यांतली काड्यापेटी, मेथी, पोतं, टाक्या आणि डबे एकेक करून त्यांच्यापुढं ओळीनं उभे राहिले. आपण भिकेला लागलो आहोत अशी गल्लीची समजूत झाली, हे एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण तेहतीस हजार पुस्तकं सांभाळलेल्या माणसानं फोनवर कुणाला तरी ओटीपी सांगितला असेल, ही समजूत मात्र त्यांच्या वर्मी लागली.

“मला कुणी फसवलेलं नाही,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सात माणसांसमोर एका दमात बोलले. वही उघडून दोन्ही रकाने दाखवले, धारवाडचं घर सांगितलं, छकुली सांगितली, गॅस एजन्सीतल्या दोन सह्यासुद्धा सांगितल्या.

अमजदनं वही हातात घेतली.

“धारवाडला तूरडाळ माज्यापेक्षा चार रुपयं स्वस्त?” तो म्हणाला. “पालिश केल्याली असंल.”

“म्हंजी आक्का, तुमी निघालाय?” जरिनानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

“ह्येंच्या वहीवर हाय,” साखरबाई म्हणाल्या.

“दाजी,” झुंबर म्हणाला, “तुमचा बाप मेंढरं घिऊन घाट उतरायचा. तिकडं पानी कसं, मानसं कशी, कुनाला ठावं हुतं? आन तुमी सह्या करून बी हितंच.”

कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. “हिशेब बघ ना तू. इथं काहीच लागत नाही. अर्ध्या जिनसांपुढं शून्य आहे. तिथं प्रत्येक गोष्टीला पैसे पडतील. तिथं आपल्याला कोण...” आणि ते थांबले. वाक्य पुरं करायचं म्हणजे खरं बोलावं लागणार होतं.

“बोला की,” साखरबाई म्हणाल्या.

“तिथं आपल्याला कोण ओळखतं?”

“हितं तुमाला कोन वळकत हुतं?” साखरबाईंचा आवाज चढला नाही. त्या फोन मांडीवर ठेवून वहीकडं बोट करत होत्या. “चाळीस वर्सांमागं ह्या गल्लीत आलो, तवा तुमी पुस्तकात तोंड घातलं ते आजवर. कडीपत्ता काय आपसूक आला? ह्या अमजदला कावीळ झाली तवा म्या त्याच्या दुकानात महिनाभर बसले. जरिनाचं पयलं बाळातपन म्या केलं. सिंधूच्या पोरीच्या लग्नात चारशे मानसांच्या भाकऱ्या थापल्या. तुमच्या वहीत घरात आलं त्येवडं लिवलंय. ह्या घरातनं गेलं त्येचा रकाना कुटं हाय?”

कुंडलिकरावांनी वहीकडं पाहिलं. रकाना नव्हता.

“ही शून्यं माजी हायती,” साखरबाई म्हणाल्या. “बारामतीची न्हाईत. म्या जाईन तितं येतील. जरा येळ लागंल, इतकंच.”

जरिनानं पदर डोळ्याला लावला. अमजदनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “तात्या, पावणेदहा झालं.”

फोन साखरबाईंच्या मांडीवर होता. कुंडलिकरावांनी तो उचलला आणि स्वतः लावला. राजलक्ष्मीनं पहिल्या घंटेलाच घेतला.

“खर्च बघितला,” ते म्हणाले. “बसतोय.”

पुढच्या तयारीबद्दल एवढंच सांगायचं, की निघण्याची सगळी कामं ऐन वेळेपर्यंत राहिली होती. पुरं झालेलं एकच काम होतं, गॅसच्या बदलीचं. ट्रक निघाला तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर होती. अमजदनं पाच किलो तूरडाळ आत टाकली. “तिकडची खाऊन बघा आन ही खाऊन बघा,” तो म्हणाला, “आन मग वहीत लिवा.”

पाडव्याच्या सकाळी धारवाडच्या घरात सामानाची खोकी पसरली होती. छकुली त्यातल्या एकात बसून दुसऱ्यात शिरत होती. साखरबाईंचा गुडघा प्रवासानं सुजला होता.

“गुढीला कडूलिंबाचा डहाळा पायजे,” त्या म्हणाल्या. “मला उटवत न्हाय. तुमी जावा.”

बारामतीत डहाळा कुठून येतो हे कुंडलिकरावांना ठाऊक नव्हतं. तो दर पाडव्याला गुढीवर असायचा. धारवाडच्या रकान्यात कडूलिंब नव्हता. शेजारच्या अंगणात मात्र होता, आणि त्याच्याखाली त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. चेहऱ्यावरून दचकणाऱ्यांपैकी वाटत होते. कुंडलिकराव फाटकाशी तीनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा ते गृहस्थच वर बघून दचकले.

पंधरा दिवस पुस्तकातून पाठ केलेलं सगळं कन्नड त्या क्षणी गेलं. एकच शब्द उरला, वहीमुळं ज्याचा सराव सगळ्यात जास्त झाला होता. कुंडलिकरावांनी झाडाकडं बोट केलं.

“एष्टु?” त्यांनी विचारलं. केवढ्याला?

गृहस्थांनी झाडाकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. मग वर्तमानपत्र खाली ठेवून उठले, चांगला पालेदार डहाळा मोडला, हातात दिला आणि पंजा हवेत असा हलवला, की त्याला कोशाची गरज पडली नाही.

घरी येऊन कुंडलिकरावांनी वही उघडली आणि धारवाडच्या रकान्यात लिहिलं: कडूलिंब, ०. मग पट्टी शोधून तिसरा रकाना आखला. तो कोराच होता. त्याच्याकडं थोडा वेळ बघून ते उठले, झुंबरच्या पोत्यातली वाटीभर साखर काढली आणि निघाले.

“कुटं?” साखरबाईंनी विचारलं. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

“आलोच.”

या वेळी फाटकाशी एकदाच जावं लागलं. कुंडलिकरावांनी वाटी पुढं केली. गृहस्थांनी तिच्यात वाकून पाहिलं, चष्म्यावरून कुंडलिकरावांकडं पाहिलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “एष्टु?”

कुंडलिकरावांनी पंजा हवेत हलवला.